आधी झोप गेली, की आधी मन?

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘झोप’ असे उत्तर दिले. त्यांना ती थट्टा वाटली. कामगार चळवळीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, करारावर बोलावे; झोपेवर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. आक्षेप रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही वाचले ते नगर वाचनालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. तेव्हा येथे आम्ही वैद्यक सांगावयास उभे नाही. एका प्रश्नाचा इतिहास सांगावयास उभे आहोत, आणि तो प्रश्न आम्हांस प्रथम भेटला तो पुस्तकात नव्हे, कारखान्यात.

१९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांतील गोष्ट. आम्ही एका सूतगिरणीच्या रिंगखात्यात कामाला होतो आणि युनियनचे काम नुकतेच अंगावर घेतले होते. पाळ्या आठवड्याला बदलत. तिसरी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. आमच्याच खात्यातील एक जोडीदार एके सकाळी पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीत आला. म्हणाला, ‘‘भाऊ, चार महिने झाले, झोप अशी नाही. रात्रपाळी सोडा, दिवसपाळीच्या आठवड्यातसुद्धा डोळ्याला डोळा लागत नाही.’’ आम्ही विचारले, ‘‘घरी काही काळजी आहे का?’’ तो म्हणाला, ‘‘काळजी नव्हती. झोप गेली, मग काळजी लागली.’’

कचेरीत तक्रारींची एक वही असे. तिच्यात आम्ही लिहिले, ‘झोप येत नाही’. आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘घरगुती’. त्याच वर्षी आम्ही रात्रपाळीचा भत्ता वाढवून घेतला. फाटकावर सभा झाली, गुलाल उधळला. जोडीदाराने तो वाढीव भत्ता दोन महिने घेतला. नंतर तो जेवेनासा झाला, बोलेनासा झाला आणि शेवटी कामावर येईनासा झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले. खात्यात आम्ही सगळे म्हणालो, ‘मनाने मुळातच कच्चा होता, म्हणून झोप नव्हती.’ त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला क्रम आम्ही उलटा केला, आणि आपण काही उलटे करीत आहोत याची जाणीवही आम्हांस नव्हती.

पुढे वाचू लागलो तेव्हा कळले की ही चूक एकट्या आमची नव्हती. जगातील मोठमोठ्या वैद्यकसंस्थांनी हा क्रम कित्येक वर्षे असाच लावला होता. तो कसा लागला आणि कसा फिरला, याचीच ही हकीकत आहे.

जुन्या लोकांनी झोपेची किंमत ओळखली होती. चरकसंहितेने शरीराला तोलून धरणारे तीन आधार सांगितले, त्यांत आहारानंतर लगेच निद्रेचे नाव आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात माणसाचे सुख-दुःख, पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुर्बलता ही सारी निद्रेवर अवलंबून आहेत असे म्हटले आहे. झोप न येण्याची कारणे सांगताना त्या ग्रंथाने शरीरातील विकार धरले, प्रकृती धरली, वायू धरला. पण त्याच यादीत ‘कार्य’, म्हणजे काम, हेही आहे. आमच्यासारख्याची नजर त्या शब्दावर थबकल्याशिवाय राहत नाही. इंग्लंडात रॉबर्ट बर्टन याने १६२१ साली विषादावर, म्हणजे ‘मेलन्कली’वर, एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात जागरणाला त्याने विषादाच्या लक्षणांतही बसवले आणि कारणांतही बसवले. एकच गोष्ट दोन्हीकडे कशी, असा प्रश्न त्याला अडचणीचा वाटला नाही. अडचण नंतरच्यांना वाटू लागली.

एकोणिसाव्या शतकात औषधे आली. १८६९ मध्ये बर्लिन येथे क्लोरल हायड्रेट झोपेचे औषध म्हणून पुढे आले. १९०३ मध्ये व्हेरोनल आले. १९६० आणि १९६३ या वर्षी लिब्रियम व व्हॅलियम बाजारात आली. गंमत पाहा, झोप म्हणजे काय हे कळण्याच्या आधीच माणूस झोप विकू लागला होता. औषधाने गुंगी येई, परंतु त्याची सवय जडे, आणि औषध सुटले की गेलेली झोप अधिकच दूर जाई. शिवाय ती का गेली होती, हा प्रश्न जागच्या जागीच राही.

त्या प्रश्नाला हात घालावयाचा तर झोप मोजता आली पाहिजे. जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतील विजेच्या लहरी नोंदवल्या. ते काम १९२९ मध्ये छापले गेले. १९३७ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या लहरींवरून झोपेच्या पायऱ्या पाडून दाखवल्या. याच सुमारास शिकागो विद्यापीठात नथॅनिएल क्लाइटमन नावाचा गृहस्थ केवळ झोपेचाच अभ्यास करीत बसला होता.

या क्लाइटमनचा एक प्रयोग पाळीवर काम केलेल्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे. १९३८ साली तो आणि त्याचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन असे दोघे केंटकी राज्यातील ‘मॅमथ केव्ह’ या गुहेत ३२ दिवस जाऊन राहिले. तेथे ऊन नाही, सावली नाही, कोंबडा नाही, भोंगा नाही. त्यांनी चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांचा दिवस पाळण्याचे ठरवले. तरुण रिचर्डसनचे शरीर या नव्या दिवसाला वळले. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनचे वळले नाही. सूर्य दिसत नसतानाही त्याच्या शरीराची उष्णता जुन्या चोवीस तासांच्या हिशेबानेच चढत-उतरत राहिली. शरीरात स्वतःचे घड्याळ आहे आणि ते हुकूम मिळाला म्हणून फिरत नाही, हे त्या काळोखात दिसले. कामाचे वेळापत्रक लावणाऱ्याने बदलले तरी घड्याळाची संमती वेगळी घ्यावी लागते.

पुढे क्लाइटमनच्याच प्रयोगशाळेत यूजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी आला. १९५१ च्या सुमारास त्याने अडगळीत पडलेले एक जुने यंत्र दुरुस्त केले आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाला रात्री त्याला जोडले. मूल गाढ झोपेत असताना यंत्राची लेखणी एकाएकी नाचू लागली. मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलत होते. प्रथम त्याला यंत्र बिघडले असे वाटले. ते बिघडले नव्हते. १९५३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. झोप म्हणजे दुकान बंद करून फळ्या लावणे नव्हे, आत दुसरी पाळी चालू होते, हे त्या दिवसापासून जगाला मान्य करावे लागले. डोळे हलणाऱ्या या झोपेला ‘रेम’ झोप म्हणतात. निरोगी माणूस झोपल्यावर सुमारे दीड तासाने ती प्रथम येते आणि रात्रीतून चार-पाच वेळा परतते. स्वप्ने बहुतांशी तिच्यातच पडतात.

यंत्र मिळाले तेव्हा ते खिन्न रुग्णांच्या उशाशी जाणे स्वाभाविकच होते. १९७० नंतरच्या दशकात पिट्सबर्ग येथे डेव्हिड कुप्फर याने दाखवले की नैराश्याच्या पुष्कळ रुग्णांत ही ‘रेम’ झोप ठरल्या वेळेच्या आधीच येते. १९७६ साली तर त्याने हीच नैराश्याची शारीरिक खूण होय असे मांडले. ताप मोजावा तसे नैराश्य मोजता येईल, अशी मोठी आशा त्या वेळी उत्पन्न झाली. ती पुरती फळली नाही, कारण इतर विकारांतही ही खूण सापडली आणि कित्येक खिन्न माणसांत सापडली नाही.

त्याहून चमत्कारिक गोष्ट १९७१ मध्ये जर्मनीतील फ्लूग आणि टोले या दोघांनी प्रसिद्ध केली. खोल नैराश्यातील रुग्णाला एक संपूर्ण रात्र जागे ठेवले तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशी त्याचे मन हलके होते. मात्र तो पुन्हा झोपला की बहुधा खिन्नता परत येते. यावरून कोणी जागरणाला औषध समजू नये. रुग्णालयात, जाणत्याच्या देखरेखीखाली घालवलेली एक रात्र वेगळी, आणि महिनोन्महिने तुटत गेलेली झोप वेगळी. पण या शोधाने एक गोष्ट पक्की केली. झोप आणि मन यांचा संबंध शेजाऱ्यांचा नाही, एका घरातील माणसांचा आहे.

मग घरात मोठे कोण? येथे वैद्यकाने आमच्यासारखाच निकाल दिला होता. लीड्स येथील मॅक्स हॅमिल्टन याने १९६० साली नैराश्य मोजण्याची जी प्रश्नावली केली तिच्या सतरा कलमांपैकी तीन केवळ झोपेची आहेत: सुरुवातीला झोप न लागणे, मध्येच मोडणे, पहाटे फार लवकर जाग येणे. म्हणजे निद्रानाश हा नैराश्याच्या पोटातला धरला गेला. १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनी बोलावलेल्या परिषदेचेही मत असेच पडले, की निद्रानाश हे लक्षण आहे. मागचा मूळ विकार शोधा, त्यावर उपचार करा. हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता. पण त्याचा व्यवहारात अर्थ असा झाला की ‘झोप नाही’ असे सांगणाऱ्याला ‘दुसरे काय होते ते सांगा’ असे विचारले जाई. आमच्या वहीतील ‘घरगुती’ हा शब्द त्याच परिषदेचा लांबचा नातेवाईक म्हणावयाचा.

क्रम ठरवावयाचा तर एकदा पाहून भागत नाही. आज दहा माणसांना विचारले आणि आठ जण म्हणाले की झोपही नाही आणि मनही लागत नाही, तर आधी काय गेले हे कसे कळणार? त्याला एकच उपाय: आज विचारावयाचे, थांबावयाचे, आणि त्याच माणसांना पुन्हा विचारावयाचे. फोर्ड आणि कॅमेरो या दोघांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७,९५४ अमेरिकन लोकांना वर्षाच्या अंतराने दोनदा विचारले होते. शंभरांतील दहा जणांना निद्रानाश होता, आणि त्यांपैकी ४० टक्क्यांना कोणता ना कोणता मनोविकार होता. झोपेची तक्रार नसलेल्यांत हेच प्रमाण १६.४ टक्के होते. पण खरी गोष्ट पुढची आहे. दोन्ही वेळा ज्यांना निद्रानाश होता त्यांच्यात या वर्षभरात नव्याने नैराश्य आलेले लोक फार अधिक होते. आणि ज्यांची झोप मधल्या काळात सुधारली होती त्यांना तो धोका बराच कमी होता. वादाची दिशा या पाहणीने फिरवली.

वर्षभराचे अंतर थोडे झाले, असे कोणी म्हणेल. १९९७ मध्ये त्याचे उत्तर आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यक विद्यालयात १९४८ ते १९६४ या काळात शिकून बाहेर पडलेल्या १,०५३ पुरुषांची नोंद ठेवली गेली होती. विद्यार्थी असताना त्यांना झोपेबद्दल विचारले होते. नंतर साधारणपणे चौतीस वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. विद्यार्थिदशेत ज्यांनी निद्रानाश सांगितला होता त्यांना पुढील आयुष्यात नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या दुप्पट निघाला. हे सारे स्वतः डॉक्टर होते, हे ध्यानात घ्यावे. ज्ञानानेही ही वाट बंद होत नाही.

चिंतेच्या विकारांबद्दल नॉर्वेतून पुरावा आला. तेथील नूर-त्रोंदेलाग प्रांतात १९८४–८६ आणि १९९५–९७ अशा दोन वेळा मोठ्या आरोग्य-पाहण्या झाल्या. दोन्हींत भाग घेतलेल्या २५,१३० प्रौढांच्या नोंदी ताडून २००७ मध्ये असे दाखवण्यात आले की ज्यांना पहिल्या खेपेस निद्रानाश होता त्यांच्यात दहा वर्षांनंतर चिंताविकार अधिक आढळले. २०११ मध्ये अशा एकवीस पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला: नैराश्य नसलेल्या पण झोप हरवलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा संभव दुप्पट. दुप्पट म्हणजे अटळ नव्हे. झोप बिघडलेल्या बहुतेकांना नैराश्य येत नाही, हे येथे मुद्दाम सांगतो. नाहीतर आमचे व्याख्यान ऐकूनच कोणाची तरी आजची झोप जावयाची!

संस्थांनीही आपले मत बदलले. २००५ साली राष्ट्रीय आरोग्यसंस्थांच्याच नव्या परिषदेने निद्रानाशाला दुसऱ्या विकाराचे शेपूट म्हणण्याचे सोडून ‘सोबतचा विकार’ म्हणावे असे सुचवले. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीने निद्रानाशाला स्वतःचे नाव, स्वतःची जागा दिली.

झोप गेल्याने मन का खचावे? पूर्ण उलगडा झालेला नाही, परंतु एक धागा हाती आहे. मेंदूत बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डला’ नावाचा भाग आहे. भय आणि राग यांची घंटा तेथे वाजते. २००७ सालच्या एका प्रयोगात एक रात्र जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली, तेव्हा झोपलेल्यांच्या मानाने त्यांचा अमिग्डला सुमारे ६० टक्के अधिक पेटला, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागील भागाशी त्याचा दुवा सैल पडलेला दिसला. घरी रात्रपाळीचा माणूस पोरांवर उगाच खेकसतो, तेव्हा त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी हे आठवावे.

झोप जाते एका कारणाने आणि परत येत नाही दुसऱ्याच कारणाने, हेही ध्यानात घेतले पाहिजे. न्यूयॉर्कच्या आर्थर स्पिलमनने १९८७ च्या सुमारास हे फार सोप्या रीतीने मांडले. काही माणसे मुळात कच्च्या झोपेची. मग काही तरी घडते, आजार, मृत्यू, पाळी, आणि ठिणगी पडते. आणि नंतर आपणच त्यात लाकडे घालीत राहतो. झोप भरून काढावी म्हणून आपण लवकर आडवे होतो, उशिरापर्यंत लोळतो, घड्याळ पाहतो, ‘आज तरी लागेल का’ म्हणून घाबरतो. शेवटी अंथरूण दिसले की भय वाटते. ‘झोप गेली, मग काळजी लागली’ हे आमच्या जोडीदाराचे वाक्य येथे शास्त्र म्हणून उभे आहे.

उपचार या विचारातून निघाला. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिनने नियम घालून दिला: झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नये, लागली नाही तर उठावे, दुसरीकडे बसावे, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. स्पिलमनने त्यात अंथरुणावरील तास आधी कमी करून मग हळूहळू वाढवण्याची युक्ती घातली. गोळीविना चालणारी ही रीत. ती जाणत्याकडून शिकून घ्यावी. यंत्रावर किंवा गाडीवर काम करणाऱ्याने तर एकट्याने मुळीच करू नये, कारण आरंभी दिवसा पेंग येते.

आणि आता कसोटी. झोप खरोखरच आधीची असेल, तर केवळ झोप सुधारून मन वाचले पाहिजे. २०१७ मध्ये ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला; झोपेचा हा उपचार ज्यांना मिळाला त्यांची चिंता व खिन्नताही उतरली. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस येथील प्रयोगाचे निष्कर्ष आले. साठीच्या वरील, निद्रानाश असलेल्या पण नैराश्य नसलेल्या २९१ जणांपैकी निम्म्यांना हा उपचार दिला, निम्म्यांना झोपेविषयी नुसती माहिती दिली. तीन वर्षांत माहितीवाल्यांपैकी २५.९ टक्क्यांना नैराश्य आले, उपचारवाल्यांपैकी १२.२ टक्क्यांना. यावरून प्रत्येक नैराश्याचे मूळ झोपेतच असते असे ठरत नाही. कधी मन आधी जाते, कधी झोप. आणि दोन्ही गेली की एक दुसऱ्याला खाली ओढते. पण झोपेच्या बाजूने दोर धरला तरी माणूस वर येऊ शकतो, एवढे आता सिद्ध झाले.

आता आमच्या फाटकापाशी येतो. रात्रपाळीने झोप बुडणे आणि निद्रानाश हा विकार जडणे या एकच गोष्टी नव्हेत. पण एकीतून दुसरीत जाण्याची वाट आहे. २०१९ मध्ये सात दीर्घ पाहण्या एकत्र करून असे दिसले की पाळीवर काम करणाऱ्यांना नैराश्याच्या लक्षणांचा धोका इतरांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने अधिक असतो.

आमच्या चळवळीला विश्रांतीचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्याबरोबर मावळेनासा झाला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे तास ४८ केले. पण त्याच कायद्यात, मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीच्या कामगाराची सुटी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे चोवीस तास, असा अर्थ केला होता. सकाळी सातला सुटलेल्या माणसाची सुटी सातपासून! तिचा निम्मा भाग अंथरुणातच जाई. आम्ही तास मोजले. ते तास दिवसाचे की रात्रीचे, हे भत्त्यावर सोडून दिले.

सर्वांत बोचणारी गोष्ट शेवटी सांगतो. १९८२ साली चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील यूटा राज्यातील एका खनिज-क्षार कारखान्यात प्रयोग केला. तेथे पाळ्या दर आठवड्यास उलट्या फिरत: रात्र, मग संध्याकाळ, मग सकाळ. शरीराचे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते, म्हणून त्याला उशिरा झोपणे सोपे जाते, लवकर झोपणे जड जाते. त्यांनी पाळ्या सुलट्या केल्या, सकाळ, संध्याकाळ, रात्र. आणि काही कामगारांच्या पाळ्या आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलल्या. कामगार अधिक समाधानी झाले, प्रकृती सुधारली, उत्पादनही वाढले. आम्ही भत्त्याचा गुलाल उधळला तेव्हा हा निबंध छापून दहा वर्षे होत आली होती. आमच्या गिरणीतील पाळ्या उलट्याच फिरत होत्या. त्या सुलट्या करण्यास मालकाला एक पैसा पडला नसता. पण ती मागणी आमच्या मागणीपत्रकात नव्हती, कारण तक्रारीच्या वहीत कारण ‘घरगुती’ असे लिहिलेले होते.

अलीकडे आम्ही ज्या करारांत बसतो त्यांत भत्त्याच्या कलमाआधी पाळीच्या क्रमाचे कलम मांडतो. सर्वत्र ते मान्य होत नाही, पण मांडतो. तो जोडीदार आता बरा आहे, आपल्या गावी शेती पाहतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे गेलो आणि हे सारे त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, ‘‘भाऊ, मी तेव्हाच सांगितलं होतं.’’

श्रोतेहो, आपणांपैकी प्रत्येकाच्या घरात, दुकानात, कचेरीत कोणी तरी असे सांगत असेल. मुलगा परीक्षेच्या दिवसांत सांगत असेल, सून बाळंतपणानंतर सांगत असेल, पहारेकरी पहाटे सांगत असेल. त्याला ‘काळजी सोड, झोप येईल’ असे सांगण्याआधी, झोप केव्हा गेली आणि काळजी केव्हा आली, हे एकदा विचारून घ्यावे. महिनाभरात ती परतली नाही तर डॉक्टरांकडे न्यावे आणि झोपेचीच तक्रार म्हणून ती तेथे मांडावी. त्याने सांगितलेला क्रम मात्र आपण बदलू नये. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.